बायोचार: सांगली-साताऱ्याच्या शेतात कसा करावा, कुठे वापरावा आणि कुठे टाळावा

सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत वर्षभर कुठे ना कुठे शेतातला काडीकचरा पेटलेला असतो. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षाच्या काड्या बांधावर रचून जाळल्या जातात. माण-खटावकडे तुराट्या, मक्याची बुरकुंडे आणि वेडी बाभूळ यांची तीच गत होते. पाटण-जावळीच्या डोंगरउतारांवर भाताच्या रोपासाठी राब, म्हणजे रोपवाफ्यावर पसरलेला पालापाचोळा, भाजला जातो. अशा उघड्या आगीत काडीतला जवळजवळ सगळा कर्ब हवेत निघून जातो आणि मागे मूठभर राख उरते. हीच काडी हवा कमी ठेवून भाजली, तर तिच्यातल्या कर्बाचा मोठा हिस्सा कोळशाच्या रूपात हाती राहतो आणि जमिनीत शेकडो वर्षे टिकू शकतो. शेतीत वापरण्यासाठी अशा रीतीने तयार केलेल्या कोळशाला बायोचार म्हणतात.

बायोचारबद्दल सध्या फार मोठमोठी आश्वासने दिली जातात. माझे मत असे की हा पदार्थ खरोखर उपयोगी आहे, परंतु तो प्रत्येक जमिनीत सारखा उपयोगी नाही, आणि घरच्या घरी तयार होणारा बायोचार इतका थोडा असतो की तो शेतभर फेकणे म्हणजे श्रम वाया घालवणे होय. थोडा बायोचार, नीट मुरवून (म्हणजे शेणखत-स्लरीत काही आठवडे ठेवून), मुळांच्या कक्षेत आणि ज्या जमिनीला त्याची गरज आहे तिथेच द्यावा, या धोरणाने पुढची सर्व माहिती दिली आहे.

तो काय करतो आणि काय करत नाही

लाकूड किंवा काडी साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअस तापमानाला, पुरेसा प्राणवायू न मिळता तापली, की तिच्यातील पाणी, वायू आणि डांबरी द्रव्ये निघून जातात आणि कर्बाचा सच्छिद्र सांगाडा उरतो. या सूक्ष्म छिद्रांत पाणी थांबते आणि जिवाणूंना आसरा मिळतो. छिद्रांच्या पृष्ठभागावर अमोनियम, पोटॅश, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांसारखी अन्नद्रव्ये धरली जातात, आणि जमिनीत काही हंगाम राहिल्यावर ही धरून ठेवण्याची क्षमता आणखी वाढते. दक्षिण अमेरिकेतील अमेझॉनच्या खोऱ्यात, जिथली मूळ माती अत्यंत निकस आहे, तिथे प्राचीन वस्त्यांनी कोळसा, हाडे, खापऱ्या आणि सेंद्रिय कचरा मिसळून तयार केलेली काळी माती आजही सुपीक आहे, हा या विषयातला सर्वांत जुना पुरावा.

मात्र बायोचार हे खत नव्हे. त्यात नत्र नाममात्र असते आणि जे असते तेही पिकाला सहज मिळत नाही. पोटॅश आणि चुना राखेच्या अंशातून मिळतो, पण त्यावर पिकाचा हिशेब बांधता येत नाही. उलट ताजा, कोरडा बायोचार जमिनीत टाकला तर रिकामी कणगी घरात आणून ठेवल्यासारखे होते: आधी ती भरते, मग घरच्यांच्या वाट्याला येते. जमिनीतले उपलब्ध नत्र तो स्वतःकडे ओढतो आणि पहिल्या हंगामात पीक पिवळे पडते. बायोचार वापरून निराश झालेल्या अनेकांच्या अनुभवामागे हेच कारण असते, म्हणून मुरवण्याची पायरी कोणत्याही परिस्थितीत गाळू नये.

काय भाजावे आणि काय भाजू नये

पहिला प्रश्न असा विचारावा की ही काडी भाजली नाही तर तिचे काय होणार आहे. जनावराच्या तोंडी जाणारा कडबा, भुसकट किंवा मक्याची वैरण यांचा बायोचार करण्यात अर्थ नाही. उसाच्या पाचटाबाबतही माझे मत ठाम आहे. हेक्टरी साधारण ८ ते १० टन निघणारे पाचट खोडव्याच्या सरीत आच्छादन म्हणून राहू द्यावे आणि तिथेच कुजू द्यावे. त्यामुळे ओल टिकते, तण दबते आणि सेंद्रिय कर्बाचा ताजा पुरवठा होतो, जो कोळसा देऊ शकत नाही. शिवाय पाचट हलके असल्याने उघड्या खड्ड्यात त्याची बहुतांश राखच होते.

भाजण्यास योग्य माल म्हणजे द्राक्ष आणि डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या, तुराट्या, बुरकुंडे, वेडी बाभूळ, सुबाभूळ, बांधावरच्या झुडपांच्या फांद्या आणि बांबूचे तुकडे. भाताच्या तुसाचाही बायोचार होतो, परंतु त्यात सिलिकायुक्त राखेचे प्रमाण मोठे असते आणि तो करण्याची पद्धत वेगळी आहे, म्हणून सुरुवात काड्यांपासून करावी. गुऱ्हाळाच्या चुलवणातील किंवा कारखान्याच्या बॉयलरमधील राखेला काही जण बायोचार समजतात. ती मुख्यतः राख असते, तिचे गुणधर्म वेगळे आहेत, आणि जास्त सामू (pH) असलेल्या, म्हणजे अल्कधर्मी जमिनीत ती नुकसानच करते.

द्राक्षाच्या काड्यांबाबत दोन गोष्टी सांभाळाव्यात. बांधणीची प्लास्टिक सुतळी, ठिबकच्या नळीचे तुकडे आणि शेडनेटचे धागे काढून टाकावेत, कारण प्लास्टिक जळून तयार होणारी विषारी द्रव्ये धुरातही जातात आणि कोळशातही राहतात. रंगवलेले किंवा रसायन लावलेले लाकूडही याच कारणाने वर्ज्य. दुसरी गोष्ट तांब्याची. बोर्डो मिश्रण आणि इतर ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे तांबे काडीच्या सालीवर असते, ते भाजताना उडून जात नाही, आणि काडीचे वजन घटते तसे कोळशात त्याचे प्रमाण वाढते. जुन्या बागेच्या मातीत आधीच तांबे साठलेले असू शकते, म्हणून काड्यांचा बायोचार दरवर्षी त्याच बागेत परत घालण्यापूर्वी मातीतील तांबे तपासून घ्यावे. ते जास्त निघाल्यास हा बायोचार हळदीला, भाजीपाल्याला किंवा बांधावरच्या झाडांना द्यावा.

खड्ड्यात भाजण्याची पद्धत

हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने २०० लिटरच्या पिंपापासून बनवलेली भट्टी विकसित केली आहे. ती लहान प्रमाणासाठी चांगली आहे. परंतु एका एकरातल्या छाटणीच्या काड्यांसाठी मी शंकूच्या आकाराचा खड्डा पसंत करतो, कारण त्याला भांडवल लागत नाही आणि नीट केले तर धूरही कमी होतो. ही पद्धत ज्वालेच्या पडद्यावर चालते. वर ज्वाला पेटती असते, ती खालून येणारे वायू जाळून टाकते आणि हवेतला प्राणवायू स्वतःच वापरते, त्यामुळे ज्वालेच्या खाली दबलेला निखारा राख न होता कोळसाच राहतो. स्वित्झर्लंडमध्ये २०१४ साली विकसित झालेली कोन-टिकी नावाची लोखंडी भट्टीही याच तत्त्वावर चालते.

खड्डा वर ५ फूट रुंद, तळाशी २ फूट रुंद आणि ३ फूट खोल घ्यावा. बाजू तिरक्या आणि चोपून गुळगुळीत असाव्यात. अशा खड्ड्यात काठोकाठ सुमारे ८०० लिटर कोळसा मावतो आणि त्याचे कोरडे वजन शंभर किलोच्या आसपास भरते. वाळलेल्या काडीच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा कोळसा मिळतो, म्हणजे एका खड्ड्यासाठी जवळपास पाचशे किलो वाळलेला माल लागतो. जागा निवडताना उभा ऊस, कडब्याची गंज, गोठा आणि विजेच्या तारा यांपासून भरपूर अंतर ठेवावे आणि भोवतीचे गवत तासून काढावे. काम सकाळी लवकर सुरू करावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वारा उठतो आणि वावटळी येतात. विजेचा नेम नसल्याने मोटरीच्या भरवशावर आग पेटवू नये. किमान तीन पिंपे पाणी आधीच भरून ठेवावे.

काडी पूर्ण वाळलेली असावी. छाटणीनंतर उन्हात तीन-चार आठवडे पसरून ठेवलेली काडी कडकन मोडते. ती नुसती वाकत असेल किंवा सालीखाली हिरवी असेल तर आणखी थांबावे. ओल्या काडीचा दाट पांढरा धूर होतो, तापमान चढत नाही आणि कोळशात डांबर राहते.

खड्ड्याच्या मध्यभागी काड्यांची चौकट एकावर एक आडवी-उभी रचून कमरेएवढी उंच करावी आणि ती वरून पेटवावी, खालून नव्हे. वरून पेटल्यामुळे खालून निघणारा धूर ज्वालेतून जाताना जळतो. चौकट कोसळून निखारा झाला की तो दाताळ्याने तळभर पसरावा आणि त्यावर काड्यांचा एक पातळ थर टाकावा. इथून पुढे सगळे कौशल्य पुढचा थर कधी टाकायचा हे ओळखण्यात आहे. नव्या काड्या आधी काळ्या पडतात, मग त्यांतून जोरदार पिवळ्या ज्वाला निघतात, आणि काही मिनिटांनी ज्वाला बसू लागून काडीच्या अंगावर पांढुरकी, नखाने खरवडता येईल इतकी पातळ राखेची साय दिसू लागते. ही साय काठांवर दिसताच पुढचा थर टाकावा. त्याआधी टाकला तर आग गुदमरून धूर होतो. उशीर केला तर खालचा कोळसा जळून राख होतो. धूर दिसला की थर जाड झाला किंवा काडी ओली आहे, आणि पांढरी राख वाढली की आपला हात संथ चालला आहे, एवढे दोन संकेत लक्षात ठेवले तरी दुसऱ्या-तिसऱ्या खड्ड्यापर्यंत अंदाज येतो. अंगठ्याएवढ्या जाड काड्या पहिल्या अर्ध्या भागात आणि बारीक काड्या शेवटी टाकाव्यात, म्हणजे जाड माल आतपर्यंत भाजण्यास वेळ मिळतो. दोन माणसांना एक खड्डा भरण्यास तीन ते चार तास लागतात. धूर तोंडावर येईल अशा बाजूने खड्ड्यावर वाकू नये, कारण त्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो.

खड्डा भरला आणि शेवटच्या थरावर साय आली की विझवण्याचे काम एका दमात करावे. पाणी काठाकडून मध्याकडे हळूहळू ओतावे, वाफ अंगावर येणार नाही अशा बाजूने उभे राहावे, मग दाताळ्याने ढवळून पुन्हा पाणी द्यावे, कारण तळाशी निखारा लपून राहतो. जिथे पाण्याचीच टंचाई आहे, अशा आटपाडी-माणसारख्या भागात ओलसर मातीचा वीतभर थर देऊन कडा चोपून बंद कराव्यात आणि दोन दिवसांनी खड्डा उघडावा. तेव्हाही हाताशी पाणी असावेच. विझलेला कोळसा लगेच पोत्यात भरू नये. तो उघड्यावर पातळ पसरून पूर्ण एक दिवस नजरेखाली ठेवावा. आतला एखादा जिवंत निखारा रात्रीतून पोत्यांची थप्पी पेटवू शकतो, आणि त्या थप्पीशेजारी सहसा गोठाच असतो.

तपासणी

चांगला बायोचार हलका असतो, मोडताना खणखणीत आवाज करतो आणि आतून-बाहेरून सारखाच काळा दिसतो. बोटांत चुरडून साध्या पाण्याने हात धुतले तर ते स्वच्छ होतात. तेलकटपणा राहिला किंवा डांबराचा वास आला तर भाजणी अपुरी आहे, आणि असा माल पुढच्या खड्ड्यात पुन्हा भाजावा. मोडल्यावर आतून तपकिरी निघणारे तुकडेही बाजूला काढावेत. त्यानंतर एका कुंडीत नुसती माती आणि दुसऱ्या कुंडीत नऊ भाग माती व एक भाग बायोचार घेऊन दोन्हीत मेथीचे तेवढेच दाणे पेरावेत. आठवड्याने दुसऱ्या कुंडीतली उगवण स्पष्टपणे कमी दिसली तर तो माल शेतात नेऊ नये.

चुरा ओला असतानाच करावा, कारण कोरड्या कोळशाची धूळ फुप्फुसांना घातक असते. जाड गोणीत भरून त्यावरून ट्रॅक्टरचे चाक फिरवले की ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचा चुरा मिळतो आणि तो बहुतेक कामांना पुरतो.

मुरवणे

एका खड्ड्याच्या बायोचारात तेवढ्याच आकारमानाचे चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळावे. त्यावर गोबरगॅसची स्लरी एक पिंपभर आणि उपलब्ध असल्यास दोन-तीन बादल्या गोमूत्र सोडावे, आणि ढीग सावलीत झाकून ठेवावा. ओल अशी असावी की मूठ दाबली तर लाडू वळतो, पण बोटांतून पाणी गळत नाही. आठवड्यातून एकदा उलथापालथ करून तीन ते चार आठवडे ढीग मुरू द्यावा. ढीग थंड झाल्यावर शेवटच्या आठवड्यात अ‍ॅझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू किंवा ट्रायकोडर्मा मिसळता येतात; गरम ढिगात ते टिकत नाहीत.

ज्यांच्याकडे कंपोस्टचा खड्डा चालू आहे त्यांनी याहून सोपा मार्ग घ्यावा. खड्डा भरतानाच एकूण आकारमानाच्या दहाव्या हिस्स्याइतका बायोचार थराथरात टाकावा. कुजण्याच्या काळात अमोनियाच्या रूपाने उडून जाणारे नत्र कोळशावर धरले जाते, आणि खत तयार होईपर्यंत बायोचारही मुरलेला असतो. कोंबडीखत कुजवताना याचा फरक वासावरूनच कळतो.

कोणत्या जमिनीत, किती आणि कुठे

बायोचारवरील प्रयोगांत हेक्टरी १० टन हे प्रमाण वारंवार आढळते. आपल्या मापात ते गुंठ्याला सुमारे १०० किलो होते, म्हणजे वर वर्णन केलेला एक अख्खा खड्डा एका गुंठ्यात संपतो आणि एकराला चाळीस खड्डे लागतात. कोणत्याही कुटुंबाला हे एका वर्षात जमणारे नाही. म्हणूनच पसरून देण्याऐवजी मुळांच्या पट्ट्यात द्यावा. ९ × ५ फूट अंतराच्या द्राक्षबागेत एकरी ९६८ वेली बसतात. वेलीमागे एक किलो दिला तर एकराला साधारण एक टन पुरतो, म्हणजे दहा खड्डे. साडेचार फुटी सरीच्या उसातही एकरी ९,६८० फूट सरी होते, आणि फुटाला १०० ग्रॅम दिले तरी हिशेब तिथेच येतो. ही वजने कोरड्या बायोचारची आहेत. त्यात मिसळलेले खत वेगळे धरावे.

आता जमिनीचा विचार. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात उष्ण कटिबंधातल्या आम्लधर्मी, निकस जमिनींत बायोचारमुळे उत्पादन सरासरी २५ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, तर समशीतोष्ण प्रदेशांतल्या, मुळातच सुपीक जमिनींत सरासरी वाढ दिसली नाही. हा निष्कर्ष आपल्या दोन जिल्ह्यांना लावून पाहिला की एकाच बायोचारचे उत्तर तालुक्यागणिक का बदलते ते स्पष्ट होते.

पश्चिमेकडच्या महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात जांभ्याची तांबडी, आम्लधर्मी माती आहे आणि पाऊस इतका की चुना, मॅग्नेशियम, पोटॅश दरवर्षी धुऊन जातात. इथे बायोचारचा अल्कधर्मी स्वभाव चुन्यासारखा उपयोगी पडतो, आम्लतेमुळे मुळांना घातक ठरणारे अ‍ॅल्युमिनियम निष्प्रभ होते आणि खते पावसात टिकतात. स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यात लागणीपूर्वी चौरस मीटरला एक किलो या पूर्ण प्रमाणात मुरवलेला बायोचार द्यावा. मात्र स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल जमीनच मानवते, म्हणून सामू ६.५ च्या वर जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे. भात आणि नाचणीच्या रोपवाटिकेतही तो उपयोगी आहे. राबाला पर्याय म्हणून याचा विचार करणाऱ्यांनी इतके ध्यानात घ्यावे की राब भाजल्याने तणाचे बी मरते. बायोचारने ते मरत नाही, त्यामुळे तण काढण्याची वेगळी तयारी ठेवावी लागते.

पूर्वेकडच्या माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण भागात अडचण वेगळी आहे. मुरमाड, उथळ जमिनीत पाणी थांबत नाही, आणि अशा भरड मातीतच बायोचारमुळे ओल धरण्याची क्षमता सर्वांत ठळकपणे वाढते. डाळिंबाच्या नव्या लागवडीत २ × २ × २ फुटांचा खड्डा भरताना मातीच्या दहाव्या हिस्स्याइतका, म्हणजे सुमारे २० लिटर, मुरवलेला बायोचार मिसळावा. जुन्या झाडांना ड्रिपरच्या खाली वीतभर खोल चर घेऊन त्यात द्यावा. वर फेकलेला कोळसा पहिल्या जोरदार वळवाबरोबर उताराने वाहून जातो.

द्राक्षबागेत बोदाच्या (वेलींच्या ओळीतल्या उंच वरंब्याच्या) कडेला चारी घेऊन शेणखताबरोबर द्यावा, शक्यतो खरड छाटणीच्या वेळी. ज्या बागांत मुक्त चुनखडी जास्त आहे आणि पानांवर लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा आधीच दिसतो, तिथे राखेचा अंश घातक ठरतो. अशा ठिकाणी बायोचार पाण्याने धुऊन राख काढून टाकावी आणि प्रमाण निम्मे ठेवावे.

कृष्णा आणि वारणाकाठच्या खोल काळ्या जमिनींबाबत मला सावधगिरीचा इशारा द्यावासा वाटतो. वाळवा, मिरज, पलूस, कराड भागातील या जमिनी मुळातच अन्नद्रव्ये भरपूर धरतात आणि त्यांचा सामू बहुधा ८ च्या वर असतो. बायोचारने त्या थोड्या भुसभुशीत होतील, हळदीचे गड्डे काढताना त्याचा फायदा जाणवेल, परंतु उत्पादनात मोठी उडी अपेक्षित धरू नये. आणि ज्या जमिनी पाण्याच्या अतिवापराने खारवट किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट) झाल्या आहेत, तिथे बायोचार हा उपाय म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नये. अशा जमिनींना आधी भूमिगत निचरा हवा, आणि चोपण असेल तर माती परीक्षणानुसार जिप्सम हवे. साचलेले क्षार निचऱ्यावाटे बाहेर पडल्याशिवाय तिथे कोळसा टाकण्यात काही हशील नाही. राखेतले क्षार मात्र वाढतील. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुनखडी या चार गोष्टींची तपासणी कृषी विज्ञान केंद्रात किंवा शासकीय प्रयोगशाळेत करून घेतल्याशिवाय एक पाटीही टाकू नये, कारण एकदा मातीत गेलेला बायोचार परत काढता येत नाही.

तणनाशकाबाबत एक सूचना. उगवणपूर्व वापरली जाणारी अ‍ॅट्राझिन, मेट्रिब्युझिन यांसारखी तणनाशके बायोचार शोषून घेतो आणि त्यांचा परिणाम घटतो. त्यावर मात्रा वाढवणे हे उत्तर नव्हे. बायोचार मुळाच्या खोलीवर द्यावा आणि पृष्ठभागावर राहू देऊ नये.

फवारणीचे पाणी, गोठा आणि सांडपाणी

बायोचार विषारी द्रव्ये धरून ठेवतो, हा गुण आपल्या भागात सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो ब्लोअर (फवारणी यंत्र) धुण्याच्या जागी. द्राक्षाच्या हंगामात टाकी आणि नोझल धुतलेले पाणी बहुधा विहिरीजवळच सोडले जाते, कारण पाणी तिथेच असते, आणि वर्षानुवर्षे तेच विष त्याच जागी मुरत राहते. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात यासाठी जैविक शोषवाफ्याची पद्धत रुजली आणि ती इथे सहज करता येते. विहिरीपासून दूर, उंचवट्यावर, दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात शेततळ्याचा जाड प्लास्टिक कागद अंथरावा. अर्धा भाग बारीक केलेले पाचट, पाव भाग कंपोस्ट आणि पाव भाग शेतातली माती असे मिश्रण करून ते महिनाभर ओलसर ठेवून कुजू द्यावे, मग त्यात एकूण आकारमानाच्या पाच ते दहा टक्के बायोचार मिसळून खड्डा भरावा. धुतलेले पाणी या वाफ्यात थोडे थोडे सोडावे आणि वर पत्र्याचे छप्पर करावे, नाहीतर पावसाचे पाणी भरून सगळे बाहेर वाहील.

इथे बायोचार जास्त घालण्याचा मोह टाळावा. विष नष्ट करण्याचे काम पाचटावर वाढणाऱ्या बुरशी आणि जिवाणू करतात. कोळशाचे काम ते विष त्यांच्या तावडीत येईपर्यंत थांबवून ठेवण्याचे आहे. कोळसा फार झाला तर विष इतके घट्ट धरले जाते की जिवाणूंनाही ते मिळत नाही. तांबे मात्र कोणत्याही जिवाणूने नष्ट होत नाही, ते वाफ्यातच साठते, म्हणून या वाफ्यातला माल पुढे कधीही खत म्हणून शेतात टाकू नये.

गोठ्यात काम सोपे आहे. मुताच्या नालीत आणि गव्हाणीमागच्या ओल्या जागेत बायोचारचा चुरा पसरावा आणि भिजला की उकिरड्यात न्यावा. गोमूत्रातले नत्र वाचते, वास आणि माश्या कमी होतात, आणि मुरवण्याचे कामही आपोआप होते. कोंबड्यांच्या शेडमधील तुसात दहाव्या हिस्स्यापर्यंत मिसळता येतो, मात्र तो ओलसर असावा, कारण त्याची धूळ पक्ष्यांच्या श्वासात जाते. जनावरांच्या खाद्यात मिसळण्याचा प्रयोग पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय करू नये.

मोरी आणि स्वयंपाकघराच्या सांडपाण्यासाठी, आधी तेलकट गाळ अडवणारी छोटी टाकी, मग खडी, मग एक ते दीड फूट जाड बायोचारचा थर आणि शेवटी वाळू अशी रचना केली तर निघणारे पाणी परसबागेतल्या केळी-अळूला देता येते. वेग मंदावला किंवा वास येऊ लागला की वरचा थर बदलावा. साबणातला सोडियम मात्र यात अडकत नाही, त्यामुळे काळ्या जमिनीत हे पाणी एकाच जागी सतत सोडू नये. असे पाणी पिण्यायोग्य होते असा समज तर मुळीच करून घेऊ नये. नायट्रेट आणि फ्लोराइडसारखी द्रव्ये साध्या बायोचारमध्ये फारशी थांबत नाहीत.

शिसे, कॅडमियम, जस्त यांसारख्या जड धातूंनी दूषित झालेल्या जागेत बायोचार ते धातू बांधून ठेवतो, त्यामुळे पिकात त्यांचे शोषण घटते. परंतु धातू जमिनीतच राहतात, आणि आर्सेनिक तर सामू वाढल्याने अधिक सुटे होऊ शकते, म्हणून कोणता धातू आहे हे प्रयोगशाळेतून कळल्याखेरीज उपाय ठरवू नये. नदीच्या प्रदूषणाबाबतही मर्यादा स्पष्ट असावी. सांगलीच्या शेरी नाल्यातून कृष्णेत जाणाऱ्या सांडपाण्यासारखा प्रश्न कोळशाच्या पोत्यांनी सुटणारा नाही. त्याला पूर्ण क्षमतेने चालणारे शुद्धीकरण केंद्रच लागते.

आपल्या शेतात पडताळून पाहणे

पहिल्या वर्षी दोन-तीन गुंठ्यांपलीकडे जाऊ नये. शेजारी-शेजारी तीन पट्टे आखावेत: एकात नेहमीची खते, दुसऱ्यात तीच खते आणि जादा शेणखत, तिसऱ्यात तीच खते आणि तेवढेच शेणखत मुरवलेल्या बायोचारसह. मधला पट्टा गाळला तर आलेला फरक शेणखताचा की बायोचारचा हे कधीच कळत नाही, आणि बहुतेक प्रात्यक्षिकांत नेमका तोच गाळला जातो. शक्य असेल तर हे तीन पट्टे शेताच्या दुसऱ्या टोकालाही तसेच आखावेत, कारण एका बाजूला पाणी जास्त बसते किंवा माती खोल असते. पाण्याच्या पाळीनंतर किती दिवसांनी पीक सुकू लागते, पानांचा रंग, गांडुळांची संख्या आणि पट्टेवार वजन यांची नोंद ठेवावी. हंगाम संपल्यावर तिन्ही पट्ट्यांच्या मातीचे नमुने वेगवेगळे काढून सामू आणि सेंद्रिय कर्ब तपासावा. कर्बाचा आकडा वाचताना मात्र काळजी घ्यावी, कारण नेहमीच्या रासायनिक चाचणीत कोळशातला कर्ब पूर्ण मोजला जात नाही. किमान तीन हंगाम या नोंदी घेतल्यावरच पुढच्या वाफ्यांसाठी खड्डे पेटवायचे की नाही ते ठरवावे.